वाफेवरचं मीठ

मी लग्नाचा आचारी. नाशिकहून हरसूलकडे जाताना आमचं गाव लागतं, आणि त्या पट्ट्यात गेल्या तीस वर्षांत जी लग्नं लागली, त्यातल्या निम्म्या पंगती माझ्या हातच्या. हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई आहेच, पण खरी आहे.

आमच्या घराची एक रीत आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय चुलीवरचं चाखायचं नाही. माझा बाप पाचशे पानांचं वरण करायचा, पण जिभेला थेंब लावायचा नाही. झाकण काढायचा, वाफेत तोंड घालायचा आणि सांगायचा, "अजून मूठभर मीठ." मीही तेच शिकलो. लोक म्हणतात, मिठाला कुठं वास असतो? नसेल. पण मीठ बेताचं पडलं की मसाल्याचा वास उघडतो, आणि अळणी राहिलं की तो आतल्या आत बसून राहतो. ज्याला कळतं त्याला कळतं.

घरी मात्र या नाकानं लय भांडणं लावली. बायकोनं ताट पुढं ठेवलं की घास उचलायच्या आधीच मी बोलणार, "मीठ कमी हाय." नाहीतर, "जास्त हाय." ती कावायची. म्हणायची, "देवानं नाक दिलंय का तराजू? एक दिवस तरी गुमान गिळा अन् छान म्हणा!" तीस वर्षांत मी म्हटलं नाही. अन्नाच्या बाबतीत खोटं कसं बोलणार?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा. भर लगीनसराईत मी ओट्यावर माशा मारत बसलेला. गावात घरोघरी ताप निघाले. एकेका खोलीची घरं, आजारी माणसाला वेगळं ठेवायचं कुठं? सरपंचबाईंनी शाळेचे वर्ग उघडले, लोकांनी आपापल्या गाद्या दिल्या. मग बाई माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "आचारी, आता गावाची पंगत तुमच्याकडं." शाळेतली माणसं होतीच, शिवाय घरात एकटी पडलेली म्हातारीकोतारी.

मारुतीच्या देवळामागं भट्टी लावली. गावची लग्नाची पातेली बाहेर निघाली. नाशिकला भाजीला गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं कुणी टोमॅटोचे क्रेट आणून टाकी, कुणी फ्लॉवर, कुणी नागलीचं पोतं. नाशिकच्या अंबडमधल्या कंपन्यांतून घरी आलेली पोरं मोटारसायकलवर डबे पोचवायची. गिरणीवाला माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो फुकट दळून द्यायचा आणि वर कांदा चिरायला बसायचा, डोळे पुसत मला शिव्या द्यायचा. पाचसहा बायका भाकऱ्या थापायच्या, त्यात आमची मंडळीही. खरं सांगू? रोग वाईट होता, पण दिवस चांगले होते. ज्यांचा बांधावरून वर्षानुवर्षं वाद, ते एकाच पातेल्याला दोन बाजूंनी हात लावायचे.

तोंडाला सगळ्यांच्या फडकी असायची. माझ्याही. पण वाफ घ्यायची वेळ आली की मी उपरणं खाली ओढायचो. आशाताई, म्हणजे गावातल्या घराघरांत फिरून ताप बघणारी आमची आरोग्यसेविका, ओरडायची, "काका, नाकावर घ्या!" मी म्हणायचो, "पोरी, नाक झाकलं तर आचारी कशाचा?"

एके दिवशी सकाळी गिरणीवाला एकदम उठून धावला. "अरे, डाळ लागली! खाली करपलीय. वास येत नाय का तुला?"

"येतोय की! धुरानं नाक बसलंय जरा. मला शिकवतो का?" मी त्याच्यावरच डाफरलो.

वास येत नव्हता. मी फोडणीत लसूण टाकला, तडतडताना दिसला, पण नाकाला काही नाही. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. हिंग! मेलेला माणूस उठेल असा तो वास, आणि मी जणू राखच धरलीय. चिमूटभर जिभेवर टाकला, तिथंही काही नाही.

नाक गेलं म्हणजे काय झालं, हे तेव्हा गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी देवळाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. आजाराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी. नाक परत आलंच नाही तर? माझं सगळं आयुष्य त्या दोन भोकांवर उभं. बिननाकाच्या आचाऱ्याला कोण बोलावील? आणि आत्ता सांगितलं तर भट्टी बंद पडणार, लोक म्हणणार, ह्यानंच गावाला रोग वाढला. गप्प बसावं असं वाटलं. खोटं नाही सांगत, घटकाभर मी गप्प बसलोही.

मग ओढ्यापलीकडची म्हातारी आठवली. तिला मुलगा नाही, सून नाही, माझा डबा तेवढा. आपण तिला डब्यातून काय पाठवणार आहोत, असं मनात आलं आणि मी उठलो. उपरणं घट्ट बांधलं, लांबूनच आशाताईला हाक मारली आणि सांगून टाकलं.

माझी चाचणी पॉझिटिव्ह आली. भट्टीवरच्या बाकी कुणालाच काही निघालं नाही. बायकोचीही निगेटिव्ह. गिरणीवाला म्हणाला, "हिच्या जिभेला विषाणूबी घाबरला." तरी आशाताईनं सगळ्यांना थांबवलं, काही दिवसांनी पुन्हा तपासलं आणि मगच परवानगी दिली. तोवर दुसऱ्या आळीच्या पोरांनी खिचडी रांधली. ती कशी होती देव जाणे, मी शाळेत बसून मुकाट्यानं खाल्ली.

मग माझ्या जागी डाव कुणी हातात घ्यायचा? बायको म्हणाली, "मी घेते." वर गिरणीवाल्याला बजावलं, "अन् मी चाखून बघणार. देव माझ्यावर रागवत नाय."

ताप दोन दिवसांत उतरला. बोटाला लावायच्या यंत्रात ऑक्सिजनही ठीक होता. नाक मात्र मेलेलंच. आशाताईला विचारलं तर म्हणाली, "काका, कुणाचं पंधरा दिवसांत येतं, कुणाला महिने लागतात." रात्री गादीवर पडलो की पंगती डोळ्यांपुढं यायच्या आणि रडू यायचं. रडलोही, का लपवू?

शाळेतल्या सगळ्यांना पातेल्यातलं जेवण यायचं. मला तेवढा वेगळा स्टीलचा डबा, घरचा. बाकीचे चिडवायचे, "जावयाचं जेवण आलं!" मला बरं वाटायचं. संध्याकाळी बायको शाळेच्या भिंतीपलीकडं लिंबाखाली येऊन उभी राहायची आणि ओरडून विचारायची, "कसं झालं होतं आज?"

"छान!" मी म्हणायचो.

जे शब्द ऐकायला बाई तीस वर्षं थांबली, ते आता रोज मिळत होते. पण तिचं तोंड उतरायचं. "बरं," म्हणायची आणि पदर सावरून निघून जायची. मला काही कळेना. बायकांना कशानं समाधान असतं का, असं मी शेजारच्या गादीवरच्या पोराला म्हणालो. तो म्हणाला, "काका, गावात तर सगळे म्हणतात, काकूंच्या हाताला तुमच्यापेक्षा चव." मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी डबा उघडला आणि काहीतरी टोचलं. नाकात. फार बारीक, पण टोचलं. लसूण! मी झाकण परत लावलं, परत उघडलं. लसूणच. वांग्याची भाजी होती, काळ्या मसाल्यातली. वाफेत तोंड घातलं आणि थांबलो. वास उघडत नव्हता, आतल्या आत बसून राहिला होता. घास तोंडात टाकला.

अळणी! मिठाचा कण नाही!

माझं डोकंच फिरलं. पोरांना पाठवून तिला बोलावून घेतलं. ती धावत आली, पाठोपाठ गिरणीवाला. मी भिंतीच्या अलीकडून डबा उंच धरला आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा गरजलो, "अगं बये, गावातलं मीठ संपलं का? अळणी हाय भाजी! ही काय आचाऱ्याच्या बायकोची भाजी हाय?"

ती मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली आणि मधेच हसायला लागली. मी घाबरलो. म्हटलं, जास्त बोललो का?

गिरणीवाला ओरडला, "येड्या, दहा दिवस झाले! भाजी शिजली की तुझ्या एकट्यापुरती ही आधी काढून घेते, अन् मग बाकीच्यात मीठ घालते. अन् तू रोज छान, छान!"

ती उठली, डोळे पुसले आणि पदराची गाठ सोडली. आतून कागदाची पुडी काढली आणि भिंतीवरून माझ्याकडं फेकली. मी झेलली. घडी घालून घालून कागद चुरगळून गेला होता. आत मीठ होतं. रोज संध्याकाळी ती ते बरोबर घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची.

"घ्या," ती म्हणाली, "घाला तुमच्या हातानं. किती घालायचं ते तुम्हालाच कळतं."