ठरलेला चंद्र

त्या बेटावरच्या गाइडने मला फसवलं. मी त्याला नाही. हे आधीच सांगतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट अजून उलटी सांगितली जाते.

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत माझं दुकान जरा उभं राहिलं, तेव्हा आम्ही पहिल्यांदा सुट्टीवर निघालो, फ्लोरिडाच्या पार टोकाच्या बेटावर. बायको, शाळकरी मुलगी आणि मी. नेमकी तिथे संकष्टी आली. चंद्र पाहिल्याशिवाय बायको जेवत नाही. मोटेलच्या खोलीत तिने कुकरमध्ये वरणभात लावून ठेवला. कॅलेंडर सोबत आणलं होतं, पण त्यातला चंद्रोदय मुंबईचा. त्याचा तिथे काय उपयोग?

म्हणून संध्याकाळच्या इतिहास-टूरचा सौदा करताना मी गाइडला आधी चंद्राचं विचारलं. तो म्हणाला, "पूर्वेच्या धक्क्यावरून मस्त दिसतो. वेळेवर पोचवतो. टूर तिथेच संपते." मग मी भाव निम्म्यावर आणला. त्याने हसून हात मिळवला. ठरलं म्हणजे ठरलं.

सूर्यास्तापर्यंत ठीक चाललं होतं. आग गिळणारे, डोंबारी, टाळ्या. खडकांवर आपटून फुटलेल्या जहाजांचा माल उचलून हे बेट कसं श्रीमंत झालं, तेही त्याने रंगवून सांगितलं. पुढचा सगळा इतिहास मात्र बारमध्येच घडला होता म्हणे! पहिला बार बेटावरचा सगळ्यांत जुना. दुसराही सगळ्यांत जुना.

"दोन्ही सगळ्यांत जुने कसे?" मी विचारलं.

"तो नावाने जुना, हा जागेने," तो म्हणाला आणि मालकाच्या खर्चाने ग्लास भरून घेतला.

कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यांत बायको सकाळच्या एका केळ्यावर तग धरून बसली होती. तिसऱ्या बारमध्ये मी त्याला दंडाला धरून उठवलं. "धक्का कुठाय?"

"निम्म्या पैशांत निम्मी टूर, सर. धक्का पुढच्या निम्म्यात येतो."

"बाबा, डोंट शाउट," मुलगी म्हणाली. मी ओरडलोच. मग रस्ता विचारत आम्ही तिघं पूर्वेकडे धावलो. धक्क्यावर एक म्हातारा गळ गुंडाळत होता. म्हणाला, "आत्ता होता की! हा एवढा, केशरी." वर नुसते काळे ढग. थोड्या वेळात पाऊस आला.

खोलीवर मी म्हटलं, "अगं, उगवलाय तो, त्या माणसाने पाहिलाय. जेव आता."

"त्याने पाहिलाय, तर त्यालाच जेवायला घाला," ती म्हणाली. "अहो, भाव पाडता पाडता तुम्ही चंद्रच कापलात." आणि कुकर न उघडता भिंतीकडे तोंड करून झोपली.

दर संकष्टीला ती हे ऐकवते. मला पैसे परत नकोत. त्या माणसाने एकदा आमच्या स्वयंपाकघरात यावं, माझ्या बायकोसमोर उभं राहावं आणि सांगावं: हात मिळवताना चंद्र ठरला होता की नव्हता?