धुळा मिस्त्रीचं चंदेरी इंजन

धुळा मिस्त्रीच्या मते सोलापुरात अक्कल असलेला माणूस एकच होता, आणि त्याचं नाव सांगायची त्याला कधी गरज वाटली नाही.

मूळचा सांगोल्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, तसा हा पलटणीत हमाल म्हणून भरती झाला आणि जर्मनच्या लढाईत थेट इराकात, बसऱ्याला पोचला. तिथं विमानांच्या छपराखाली गोऱ्या सार्जंटच्या हातात पाने देता देता इंजन उघडायला शिकला, जोडायला शिकला. परत येऊन गिरणीत फिटर झाला, आणि तेव्हापासून बसऱ्याचं नाव घेतल्याशिवाय त्यानं कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. गिरणीतला मुकादम-जॉबर म्हणजे गाढव आणि इंजिनिअर म्हणजे कोट घातलेलं गाढव, असा त्याचा हिशेब. बायको मायाक्का म्हणायची, एवढी गाढवं भेटतात तर कुंभार तरी व्हायचं होतंत.

सन एकतीसच्या दिवाळीत सरकीचे व्यापारी संगप्पा शेठ यांनी मुंबईहून दोन माणसांचं जुनं विमान विकत घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरंच, नाहीतर सरकी विकणाऱ्याचं आभाळात काय काम? होटगी रस्त्याच्या माळावर पत्र्याची शेड उभी राहिली आणि धुळा तिथं मिस्त्री झाला. इंजनाला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. शेठचा कारकून चिंतामणी एकदा कौतुकानं बोट लावायला गेला, तर धुळानं त्याच्या बोटावर फडकं मारलं.

विमान उडवायला नारायण होता. शाळामास्तरांचा मुलगा, चष्मेवाला, मुंबईहून परवाना घेऊन आलेला. घरात मिळवता एवढाच. त्याला बघितलं की धुळाच्या कपाळाला आठी पडे. पुस्तकात वाचून कुणाला पोहता येतं का, असं तो नारायणाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा. बिचारा पोरगा ऐकून घ्यायचा, वर 'नमस्कार मिस्त्री' म्हणायचा. धुळाला त्या नमस्काराचाही राग यायचा.

गेली दोन वर्षं इंजन तापत होतं. पण छत्तीसच्या दसऱ्यानंतर त्यानं कहरच केला. मोहोळ गाव ओलांडायच्या आत सिलिंडरच्या उष्णतेचा काटा तांबड्या रेघेपलीकडे जायचा आणि नारायण घाम पुसत माघारी यायचा. मग काय, शहाण्यांना ऊत आला. चिंतामणीनं लिंबू-मिरच्या बांधल्या. शेठच्या मोटारीचा ड्रायव्हर म्हणाला, इंजनाला ओली पोती गुंडाळा. वाऱ्यावर थंड होणारं इंजन, त्याला हा पोती गुंडाळणार! पुढं पोतीच पेटली असती. धुळा पोट धरून हसला.

मग त्यानं आपला निकाल दिला. पोरगं इंजन जाळतंय. विमानाचं नाक वर करून रेटतं आणि पेट्रोल वाचवायला हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ ठेवतं. हे त्यानं शेठना एकदा नाही, चारदा सांगितलं. बसऱ्याचा माणूस सांगतोय म्हटल्यावर शेठ कशाला शंका घेतील? सोमवारी सकाळी नारायणाला घरी बसवायचं ठरलं. सोलापुरात दुसरं विमान नव्हतं, म्हणजे पोरानं पुढं जन्मभर पावत्या खरडायच्या. धुळाला त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी दुपारी त्यानं इंजन उघडलं ते पुराव्यासाठी. शेठपुढं पोराच्या तोंडावर मारायला काहीतरी हवं होतं.

आधी काटा खोटा बोलतोय का ते बघावं, म्हणून त्याच्या तारेचं टोक उकळत्या पाण्यात धरलं. काटा बरोबर बोलला. मग प्लग काढले. इंजनाला पेट्रोल कमी पडत असतं तर ते पांढरेफटक निघायला हवे होते. निघाले तपकिरी, बदामासारखे. पोरगं मिश्रण अगदी नीट ठेवत होतं. धुळा चरफडला. ठिणगीची वेळ तपासली, वारा वळवणारे पत्रे हलवून बघितले. सगळं जागच्या जागी.

राहिल्या सिलिंडरभोवतीच्या पातळ कडा. त्यांच्यामधल्या फटींतून वारा गेला तरच असलं इंजन थंड राहतं. बसऱ्याचा सार्जंट त्या फटींत पोस्टकार्ड घालून बघायचा. धुळानंही घातलं. पुढच्या बाजूनं कार्ड कसंबसं गेलं. मागच्या बाजूनं निम्म्यावरच अडलं. त्यानं चाकूच्या टोकानं खरवडलं, तर चंदेरी रंगाची जाड खपली हातात आली. खपलीच्या कडेला पाच थर दिसत होते, जाड भाकरीच्या पापुद्र्यांसारखे.

पाच थर म्हणजे पाच खंडेनवम्या. गिरणीत दर खंडेनवमीला यंत्रं घासून रंगवायची, हार घालायचे, नारळ फोडायचा. तीच रीत धुळानं इकडं आणली होती. दर वर्षी उपाशीपोटी बसून तो इंजनाला स्वतः रंग द्यायचा. मागची बाजू कुणाला दिसत नाही, पण देवाला दिसते, म्हणून तिथं दोनदा हात फिरवायचा. बसऱ्याला कुणी इंजन रंगवताना त्यानं बघितलं नव्हतं. का रंगवत नाहीत, हे विचारायचं त्याला सुचलंही नव्हतं.

त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, कारण शिव्या घालायला समोर कुणी नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं. पोरगं गेलं असतं, यानं सवडीनं रंग काढला असता, आणि मिस्त्री म्हणाला तेच खरं, असं सगळं सोलापूर म्हणालं असतं. त्या रात्री मायाक्कानं वाढलेली भाकरी त्यानं तशीच ठेवली.

सोमवारी शेठ आले. नारायण हात बांधून उभा होता, चिंतामणीच्या हातात त्याला काढल्याचा कागद होता.

"मालक, चूक त्याची न्हाय, माजी हाय," धुळा म्हणाला. "रंगानं फटी बुजल्यात. रंग म्या दिलाय."

शेठ हसले. त्यांना खरंच वाटेना. "धुळा, तू कधी चुकतोस व्हय? पोराची दया आली की काय तुला?"

इतकी वर्षं त्यानं हेच तर सगळ्यांच्या डोक्यात भरवलं होतं. आता खरं सांगायला गेला, तर कुणी ऐकेना. मग त्यानं चिंतामणीच्या हातातून कागद काढून घेतला, त्याची घडी केली आणि सगळ्यांसमोर मागच्या कडांत घातली. घडी अडली. त्यानं खरवडलं, आणि खपल्या शेठच्या पायाशी पडत गेल्या.

शेठनी एक उचलून निरखली. हसणं थांबलं. "मग चार वेळा पोराचं नाव का घेतलंस?"

धुळा खाली वाकून खपल्या गोळा करू लागला. शेठनी नारायणाला विचारलं की ह्या मिस्त्रीचं काय करायचं, तू सांग. धुळानं मनात म्हटलं, काढा म्हणंल, मी असतो तर तेच म्हणलो असतो.

"राहू द्या," नारायण चष्मा पुसत म्हणाला. "पाच थर कुठं कुठं आहेत, हे त्यांनाच ठाऊक."

मोटार गेली. चिंतामणी पण गेला. धुळा बराच वेळ पान्यांची पेटी उगाचच लावत बसला. शेवटी मान वर न करता बोलला, "रंग सुटाया सिलिंडर उतरवून सोड्याच्या पाण्यात उकळाया लागतील. एकल्याच्यानं हुणार न्हाय."

एकट्यानं ते त्यानं आजवर दहादा उतरवले होते. नारायणानं कोट काढून खुंटीला लावला.