हळद लावलेले कान

ऐंशीच्या दशकात मी वर्ध्याजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करत होते. पुण्याहून आलेली, आणि पुरेशी शिष्टही, हे आधीच सांगून टाकते. काम असं होतं: बकऱ्याच्या कलेजीतून एक एन्झाइम वेगळं काढायचं आणि ते सशाला टोचायचं. सशाचं शरीर त्याला परकं समजून त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. मग सशाच्या रक्तातलं सीरम कुठल्याही नमुन्यातून नेमकं तेच एन्झाइम हुडकून देतं. ही अँटीबॉडी आम्हाला विकत मिळत नव्हती. लोणच्यासारखी ती घरीच घालावी लागे.

सशांचं सगळं एक वयस्कर कर्मचारी बघायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते बोरगाव मेघेहून सायकलवर येत, कॅरिअरला सशांसाठी घरच्या शेतातला लसूणघासाचा हिरवा चारा बांधून. एका पांढऱ्या सशावर त्यांचा फार जीव होता, आणि नेमकं त्याचंच सीरम सगळ्यांत सरस निघत होतं. एरवी आम्ही कानाच्या शिरेतून थोडं थोडं रक्त घ्यायचो. शेवटी मात्र बेशुद्ध करून हृदयातून सगळंच काढून घ्यायची पद्धत होती. याला ठेवता येईल का, असं मामांनी एकदाच विचारलं. माझ्या मार्गदर्शक सरांची हरकत नव्हती. याला मारणार नाही, असा मी मामांना शब्द दिला.

पोळ्याला कॉलेज बंद होतं, तरी मी सकाळी गेले. बघते तर सशाचे दोन्ही कान पिवळे. यकृत सोडून माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नसे. कावीळच, मी ठरवून टाकलं. हा आज ना उद्या मरणार आणि सगळं सीरम वाया जाणार. मी सिरिंज काढली, ईथरचा बोळा त्याच्या नाकाशी धरला. तो सैल पडला, तेव्हा त्याचा कान माझ्या मनगटाला घासला आणि मनगट पिवळं झालं. नाकाजवळ नेलं तर तुपाचा वास. स्पिरिटने कान पुसला. खाली नेहमीसारखा गुलाबी.

हळद कुणी आणि कशाला लावली, ते मला माहीत नव्हतं. पण ससा ठणठणीत आहे हे कळलं होतं. बोळा बाजूला केला असता तर तो पाच-दहा मिनिटांत उठून बसला असता. मी बोळा बाजूला केला नाही. एवढं सीरम एकदम हाती आलं तर प्रबंध मार्गी लागेल, हा विचार एकदा आला तो गेलाच नाही. चुकून सुरू केलेलं काम मी जाणूनबुजून पुरं केलं.

दुपारी मामा आले. हातात पळसाच्या पानात पुरणपोळीचा तुकडा. रिकामा पिंजरा बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, कान पिवळे पडले होते, कावीळ झाली होती.

मामा खाली बसले. मग हळूहळू त्यांनी सांगितलं, की पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जुवाने घासलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं.

“बैल खांद्यानं राबते, हा कानानं राबून राह्यला होता,” ते म्हणाले. “म्हणून त्याच्या कानाले लावली. आज आवतन घे, उद्या जेवाले ये, असं म्हटलं मी त्याले.”

मग रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत ते म्हणाले, “म्हणजे माह्याच हयदीनं गेला तो.”

नाही, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी तो म्हटला नाही. माझा गुन्हा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मी घेऊ दिला. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

सीरम उत्तम निघालं, कितीतरी वर्षं पुरलं. प्रबंधात मामांचे आभार मानलेले आहेत. पुढच्या वर्षी खांदेमळणीच्या संध्याकाळी मी सशांच्या खोलीत मुद्दाम थांबले. आज सांगायचंच, असं ठरवून. मामा आले, त्यांनी पिंजऱ्यांत लसूणघास टाकला, आणि एकाही सशाला बोट न लावता, हात पाठीमागे बांधून, दाराबाहेर गेले. मी त्यांना हाक मारली नाही.