उकळलेली सुई

अनसूयामावशी रोज सकाळी इंजेक्शनची काचेची पिचकारी आणि सुई उकळून फडक्यात गुंडाळून ठेवत. टोचत मात्र कुणालाच नसत. बालाघाटच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारून माझी आई विचारायची, "अनसूये, सुईचा सयपाक झाला काय?" मावशी आतूनच म्हणायच्या, "हौ, येजो जेवाले."

त्या नागपुरात शिकलेल्या नर्स. छप्पन साली राज्यं बदलली, बालाघाट भोपाळकडे गेलं आणि त्यांची नागपूरची नोंदणी इकडे चालेनाशी झाली. नवा अर्ज कुठेतरी अडकून पडला. "सुई आंग नाही पाह्यत, कागद पाह्यते," असं म्हणत त्या सरकारी दवाखान्यात पट्ट्या धुवायला राहिल्या.

मग हैजा, म्हणजे कॉलरा, आला. दवाखान्यात माणसं पुरेनात, तेव्हा तिथले मोठे साहेब स्वतः गल्लीत आले. साथ असेपर्यंत नोंदणी कोणी विचारणार नाही, म्हणाले. मावशींनी उकव्यापासून वारासिवनीपर्यंत गावोगाव सलाईन लावलं. पुढे साथ संपल्याचं जाहीर झालं. त्याच दिवशी साहेबांनी बजावलं की आता सुई धरली तर पोलीस केस होईल.

त्याच आठवड्यात आईला हैजा झाला.

डॉक्टर खैरलांजीला गेलेले. कंपाउंडरनं सलाईनची बाटली दिली, ती घेऊन मी धावत आलो. मावशी आईला चमच्यानं मिठाचं पाणी पाजत होत्या आणि आई ते ओकत होती. मी बाटली पुढे केली. मावशींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साथ सरली, बापू," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी आई गेली. मला रडूही आलं नाही. परक्या गावांत माणसं वाचवणारे हात माझ्या आईच्या उशाशी नुसता चमचा धरून कसे बसले, हे मला आजही उमगत नाही. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. सकाळचं उकळणं मात्र चालूच राहिलं.

बऱ्याच वर्षांनी मावशींनाही तसेच जुलाब लागले. डॉक्टर दौऱ्यावर होते. दवाखान्यातली शिकाऊ नर्स बाटली घेऊन आली. तिच्या परीक्षेचा निकाल अजून लागायचा होता. मी तिला म्हणालो, लाव, कोणी विचारत नाही.

मावशींनी दोन्ही हात पदराखाली ओढून मुठी आवळल्या.

"तुह्या मायले नाही लावलं म्या. मले काहून लावता?"

मी त्यांची बोटं सोडवू पाहिली, विनवलं. मुठी सुटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शेवटची अंघोळ घालताना, गल्लीतल्या बायकांना त्या मुठी उघडाव्या लागल्या.