छातीवरची लाल शेपटी

आमच्या घराण्यात छातीवर स्वतःचं नाव लावून फिरणारा मी पहिला माणूस. माझ्याआधी आमच्याकडे नावं असायची ती सातबाऱ्यावर, नाहीतर लग्नात आलेल्या पातेल्यांवर. त्यातही पातेल्यांवरची देणाऱ्यांची.

पेण तालुक्यात, गागोद्याच्या अलीकडे आमचं गाव. भात काढायचा, मग वाल पेरायचा, यापलीकडे आमच्या घरात कोणी काही केलेलं नव्हतं. त्या घरातून मी बी. कॉम. झालो. हे मी मुद्दाम सांगतो असं समजू नका. त्या काळी मी हे सगळ्यांनाच सांगायचो, एसटीत शेजारी बसलेल्यालासुद्धा. (तो खिडकीकडे तोंड फिरवायचा, पण बी. कॉम. कानावर पडलेलं असायचं.)

नोकरी लागली पेणला, एका मोठ्या दुकानात. मिक्सर, कुकर, पंखे, काचेचं दार आणि आत गारेगार. माझं काम सेल्समनचं. मालक त्याला 'ग्राहक सहायक' म्हणायचे, मी घरी नुसतं 'ऑफिस' म्हणायचो, आणि बाबा गावात 'आमचा पोरगा पेणला साहेब हाय' म्हणायचे. पेणहून गावापर्यंत येईस्तोवर माझी अशी वाटेतच बढती व्हायची.

आणि मला बिल्ला मिळाला होता. सोनेरी पत्र्याचा, त्यावर माझं नाव आणि पुढे बी. कॉम. (ते दुकानाच्या नियमात बसत नव्हतं, मी हट्टाने घालून घेतलं.) नावाच्या खाली एक खाच. त्या खाचेत प्लास्टिकची रंगीत पट्टी सरकवायची, की ती टक् करून बसायची. पट्टीवर त्या दिवसांत जी योजना चालू असेल ती छापलेली. गणपतीत भगवी, दिवाळीत पिवळी, कधी हिरवी, कधी निळी. नाव कायम, पट्टी बदलती. आम्ही तिला शेपटी म्हणायचो. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की "आज कुठली शेपटी रे?" असं शिकलेसवरलेले लोक एकमेकांना विचारायचे.

सगळ्यांत वाईट शेपटी लाल. ती लग्नसराईची. तिच्यावर लिहिलेलं असायचं: 'बिलाआधी योजना सांगायला मी विसरलो, तर स्टीलचा डबा तुम्हाला मोफत.' म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाचं बिल व्हायच्या आत आम्ही त्याला योजना तोंडपाठ म्हणून दाखवायची. नाही दाखवली, तर गिऱ्हाइकाने शेपटीकडे बोट करायचं आणि डबा घ्यायचा. डबा मालक देत नसत, तो आमच्या पगारातून जायचा. त्यामुळे लाल शेपटी लागली की आम्ही दिसेल त्याला योजना ऐकवत सुटायचो. पोस्ट कुठे आहे विचारायला आत आलेल्या एका आजोबांना मी मिक्सरची सगळी योजना ऐकवली आणि मगच पोस्टाकडे सोडलं. घरी तर भाताच्या पोत्यांसमोर उभा राहून मी पाठांतर करायचो. माझी धाकटी बहीण सुमन तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि कुठे अडलो की पुढचं वाक्य सांगायची.

जुन्या शेपट्या मी घरी आणायचो. आईला वाचता येत नव्हतं. तिला वाटायचं, दर सणाला पोराला काहीतरी बक्षीस मिळतंय. ती त्या पुसून बांगड्यांच्या डब्यात ठेवायची. मीही फार खोलात शिरलो नाही.

तर सुमनचं लग्न जमलं. मुलगा रोह्याचा, जवळच धाटावला कंपनीत कामाला. मुलाचे वडील अण्णा, बोलायला मोजके आणि विचारांचे कडक. पहिल्याच बैठकीत त्यांनी बाबांना सांगून टाकलं, "देणं नाही, घेणं नाही. मानपान तर बिलकूल नाही. आमच्याकडच्या कोणाला टॉवेल-टोपी जरी दिलीत, तर आम्ही आहोत तसे उठून जाऊ."

बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "बोलतात सगळे असंच. ऐन वेळी एखादा मामा नायतर काका बाजूला घेऊन मागतोच बघ. आपण तयारीत रावायचं."

साखरपुडा रोह्याला, एका छोट्या हॉलमध्ये. निघायच्या सकाळी जीप दारात उभी, आणि बाबा मला म्हणाले, "बिल्ला लाव."

"बाबा, साखरपुड्याला बिल्ला?"

"त्यांच्याकडची अर्धी माणसं कंपनीतली. गळ्यात कार्डं घालून फिरतात. आपल्याकडनं कायतरी चमकाय नको?"

मी नाइलाज झाल्यासारखं तोंड केलं आणि बिल्ला काढला. (तो खिशात आधीच होता.) शेपटी तेवढी मी शहाण्यासारखी काढून ठेवली होती. पण आईची नजर खाचेवर गेली.

"खाली मोकळं मोकळं दिसतंय रं. दात पडल्यावानी."

"राहू दे गो आये."

"राहू दे कसं? चार लोकांत जातोस." ती बांगड्यांचा डबाच घेऊन आली. "शर्ट आकाशी हाय. हिरवी नको, निळी तर दिसायचीच नाय. ही लाल बघ." टक्. तिने अशी दाबून बसवली की मी अर्धं पाऊल मागे सरकलो. "आता कसा उठून दिसतोस."

मी खाली बघितलंसुद्धा नाही. आपल्याच छातीवरचं आपल्याला उलटं दिसतं, आणि मान मोडून वाचायला लागलं तर रुबाब राहत नाही. सुमनला वाचता आलं असतं, पण ती पुढच्या सीटवर निऱ्या आवरत होती आणि तिचं लक्ष त्या दिवशी माझ्यावर असायचं काही कारणही नव्हतं.

रोह्याला मुलीचा भाऊ म्हणून मी हॉलच्या दारात उभा. मुलाकडची माणसं आली. मी नमस्कार करतोय, आणि येणारा प्रत्येक जण आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग छातीकडे बघतोय आणि हसतोय. मला वाटलं, बी. कॉम. वाचलं. मी छाती आणखी पुढे काढली. मुलाच्या आईने तर चष्मा लावून, वाकून वाचलं, बहिणीला कोपराने ढोसलं, आणि दोघी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी मनात म्हटलं, शिक्षणाचा मान आहे या घरात.

मग मुलाचे मामा आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जन्म दुसऱ्याच्या हातातलं तिकीट वाचण्यात गेलेला. ते माझ्यापुढे थांबले, शेपटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि म्हणाले, "पाहुणे, मला कायतरी सांगायचंय का तुम्हाला?"

"या मामा, बसा. सरबत घ्या."

"ते घेतो. अजून काय?"

"जेवण तयार आहे. पंखा डाव्या बाजूला आहे."

"अजून?"

"अजून... प्रवास नीट झाला ना?"

"झाला. म्हणजे दुसरं काय सांगायचं नाय तुम्हाला?"

"नाही."

"मग डबा द्या."

मी मान मोडून खाली बघितलं. लाल रंग दिसला. मी हसत हसत शेपटी ओढायला गेलो, पण आईच्या हाताने बसलेली ती. ओढताना पिनेने खिसाच फाटायला लागला. शेवटी मी बिल्ल्यावर हात दाबून उभा राहिलो. छातीत कळ आलीय असं समजून कोणीतरी मावशी पाणी घेऊन धावल्या.

मामा काही सोडायला तयार नव्हते. चेष्टा करताना त्यांचा चेहरा तिकीट मागताना असावा तसाच राहायचा. "डबा, पाहुणे. लेखी दिलंय तुम्ही."

नेमके तेव्हाच बाबा सरबताचा ट्रे घेऊन मागून आले. त्यांनी बघितलं ते एवढंच: मुलाचे मामा, बाजूला गाठलेला आपला पोरगा, आणि डब्याची मागणी. ज्याची इतके दिवस वाट बघितली ते समोर उभं. बाबांचा चेहरा अगदी खुलला.

"देऊ की मामा! मोकळेपणी बोलायचं. आणि एकच कशाला? तुमच्याकडच्या सगळ्यांना देऊ." त्यांनी माझ्या चुलतभावाला तिथूनच हाक मारली, "ए पांडू, बाजारात जा. स्टीलचे डबे घेऊन ये. झाकणाचे बघ."

पुढच्या खुर्चीवरून अण्णा उठले.

"डबे कोणासाठी?"

"आवो, मान हाय तुमचा," बाबा म्हणाले.

"मान नको म्हणून मी सांगितलं होतं. आमच्यातल्या कोणी मागितलं?"

इथे बाबा गप्प राहिले असते तर चाललं असतं. ते उदारपणे म्हणाले, "मागितलं कशाला म्हणायचं? तोंडातनं निघालं असंल."

"मी मागितला," मामा म्हणाले. "नियमाप्रमाणे."

अण्णांचा चेहरा लालीत शेपटीच्या वर गेला. आयुष्यभर मानपानाविरुद्ध बोललेला माणूस, आणि त्यांचाच मेहुणा मुलीच्या भावाकडे डबा मागतो! ते चपला शोधायला लागले. "चला. मी आधीच सांगितलं होतं. शब्द म्हणजे शब्द." मुलगा, ज्याचा साखरपुडा होता तो, "अण्णा, ऐका तर" म्हणत मागे मागे. त्याची आई हार ठेवलेलं ताट घेऊन मधेच उभी. बाबांना कळेना की देतोय तरी हे चिडतायत का. ते आणखी वर गेले, "डबे नको तर कळशा देऊ."

"अण्णा, लेखी हाय," मामा आता घाबरून म्हणाले. "त्यांच्या छातीवर बघा की."

सगळा हॉल माझ्या छातीकडे बघायला लागला. अण्णा आले. "हात काढा."

मी हात काढला. त्यांनी वाचलं. "हे काय आहे? तुम्ही पेणला साहेब आहात ना? तुमच्या वडिलांनी तसं सांगितलंय."

मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते, साहेबाने आता साहेबासारखं काहीतरी बोलावं म्हणून. तीन वर्षं कॉलेजात घातली, त्यातलं काही उपयोगाला आलं नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं. सुमन. डोळ्यांत पाणी, हातात अजून बांधायची राहिलेली वेणी.

"दादा, योजना सांग."

"काय?"

"सांग ना. पोत्यांपुढे सांगतोस ती. सांगितलीस की डबा द्यायला लागत नाय ना? मग सांग."

साखरपुड्याच्या हॉलमध्ये, दोन्हीकडच्या आयाबायांसमोर, मी हात जोडले. आणि एकदा हात जोडले की पुढचं आपोआप येतं, तशीच सवय लावलेली असते. "नमस्कार, या, आपलं स्वागत आहे. लग्नसराईनिमित्त आमच्याकडे तीन भांड्यांच्या मिक्सरवर खास सवलत. जुना मिक्सर आणा, बंद असला तरी चालेल, जळलेला असला तरी चालेल. कुकरवर झाकण बदलून मिळेल. पंख्याबरोबर पाती पुसायचा कपडा. घरपोच सेवा पेण, वडखळ, नागोठणे..." 'नागोठणे'ला आवाज चढवून उजवा हात दाराकडे करायचा असतो. तोही मी केला. अण्णा त्या हाताच्या दिशेने बघायला लागले.

मी संपवलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याबद्दल मी आजही आभारी आहे.

मामांनी मान डोलावली. "सांगितली. बिल व्हायच्या आत सांगितली. डबा रद्द." मग अण्णांना समजावून म्हणाले, "हे दुकानातलं हाय अण्णा. पोराची जरा गंमत करत होतो. मानपान नाय मागितला मी, आईशपथ."

अण्णांनी चपला पायातून काढल्या, पण माझ्याकडे परत बघितलं नाही. बहुतेक हसू येऊ नये म्हणून. "गुरुजी, मुहूर्त टळायच्या आत सुरू करा," ते म्हणाले.

बाबा ट्रे घेऊन तसेच उभे होते. सरबत गरम झालं असेल. ते हळूच माझ्याजवळ आले.

"हे रोज बोलतोस?"

"हो."

"उभा राहून?"

"हो."

"बसायला खुर्ची नाय देत?"

"नाही, बाबा."

त्यांनी ट्रे जवळच्या खुर्चीवर ठेवला. "मग मी आता लोकांना काय सांगू?"

मी ठरवलं, आता मागच्या रांगेत जाऊन उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, आणि सुमनचं नीट पार पडलं की कोणाच्या डोळ्यांत न भरता जीपमध्ये जाऊन बसायचं. तसा गेलोही. शेवटच्या खुर्चीमागे, खांबाच्या आडोशाला.

तेवढ्यात मुलाची मावशी शेजारी येऊन कुजबुजली, "काय ओ, त्या मिक्सरात ओलं खोबरं बारीक होतं काय?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं करू शकलो असतो. कोणीही केलं असतं.

साखरपुड्याचा मुख्य फोटो सुमनच्या घरी भिंतीवर लावलेला आहे. जावई तिच्या बोटात अंगठी घालतायत, आई डोळे पुसतेय, बाबा आणि अण्णा एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पुढे वाकलेत, मामासुद्धा चष्मा सावरून बघतायत. सगळी माणसं अंगठीकडे बघतायत. फक्त मागे खांबापाशी एकाने पाठ फिरवलेली आहे, आणि तो दोन्ही हात फाकवून मावशींना मधलं भांडं केवढं येतं ते दाखवतोय.