हैदराबादहून दीड तास

भिवंडीला पोलिसात असताना माझ्याकडे आलेली एक मिसिंग, म्हणजे बेपत्ता माणसाची तक्रार, अजून मनातून जात नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास जवळच्या शेलार गावचे एक काका पोलीस ठाण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. हैदराबादला नोकरी करणारा मुलगा तिला भेटायला विमानाने निघाला होता, पण घरी पोहोचलाच नव्हता. फोनही बंद.

"सकाली नवाला इमानात बसतो बोलला, साहेब. दोनला मुंबईला उतरनार व्हता."

अंमलदाराने मिसिंग दाखल केली. मी मात्र त्या पाच तासांवर अडकलो. एका आरोपीला आणायला मी हैदराबादला विमानाने जाऊन आलो होतो. अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ फार तर दीड तास. विमान कंपन्यांकडे चौकशी केली. त्या नावाचा प्रवासीच नव्हता.

सकाळी मोबाइलचं लोकेशन हाती आलं. शेवटचं शेलार, त्याआधी दिवसभर भिवंडीजवळचंच कशेळी. कशेळीतल्या माझ्या खबऱ्याला मुलाचा फोटो पाठवला. थोड्याच वेळात त्याचा फोन आला, "साब, ये तो गोदाम में माल उतारता है. साल-डेढ साल से."

आम्ही पोहोचलो तेव्हा तो ट्रकमधून खोके उतरवत होता. वर्दी बघून पळाला नाही. हातातला खोका नीट खाली ठेवला. वॉचमनच्या केबिनमध्ये बसवून मी त्याला पाणी दिलं.

"हैदराबादहून विमानाला किती वेळ लागतो रे?"

"पाच तास."

"दीड. कधी बसलायस तरी का विमानात?"

त्याने मान खाली घातली. "न्हाय, साहेब. माझी शिफ्ट दोनला सुटते, म्हणून दोन सांगितले."

मग सगळं बाहेर आलं. हैदराबादची नोकरी सुटली होती. घरी सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून कशेळीत खोली घेऊन राहिला. आदल्या दिवशी नवा शर्ट घालून शेलारपर्यंत गेलाही होता.

"मामा, चुलते, सगळे रस्त्यावर वाट बघत उभे होते. तोंड कसं दाखवू?" तिथूनच तो मागे फिरला होता.

नऊ वाजून गेले होते. ऑपरेशन अकराला. "जीपमध्ये बस," मी म्हणालो.

"कपडे बदलतो."

"राहू दे."

हॉस्पिटलात आईच्या खाटेशी तो धुळीच्या कपड्यांत उभा राहिला. "आये, मी हैदराबादला नव्हतो. कशेळीला होतो. माल उतरवतो."

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाईंनी मुलाच्या बाहीवरची धूळ झटकली.

"कशेळीला? मंग जेवाला घरी का न्हाय आलास?"

तो खाटेवर डोकं टेकून रडला. काका खिडकीपासून वळले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ऑपरेशन नीट पार पडलं. तो पुढेही गोदामातच कामाला होता, पण राहायला शेलारला आला.

बेपत्ता माणसाच्या घरच्यांना मी पूर्वी विचारायचो, "तो कुठे गेला असेल?" त्या दिवसानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो, "तुमच्यासमोर यायला त्याला कशाची लाज वाटत असेल?" बहुतेक बाप आधी चिडायचे. मग हळूहळू सांगू लागायचे. आणि मग माझ्या तपासाला दिशा मिळायची.