काकूंनी दान दिलेलं ताम्हन

काकूंचं ताम्हन मी आजही विसरलेलो नाही. मी झाशीत ठाणेदार होतो. मानिक चौकातल्या सराफाने खबर दिली, "दरोगाजी, एक पंडितजी चाँदी की थाली बेचने आए हैं। पीछे किसी मराठी का नाम खुदा है।"

साध्या वेशात गेलो. थाळी कसली, पूजेचं ताम्हन होतं. गंध लावलेल्या त्या इसमाला ठाण्यावर आणलं. तासभर त्याचं एकच, "दान में मिली है, साहब।" ओरडलं की माणूस मिटतो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला आणि सहज मराठीत विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

"झकास आहे साहेब," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मग सगळं ओकला. नाशकात हॉटेलात भांडी घासताना मराठी शिकलेला. दारावर मराठी नाव दिसलं की काशीहून परतणारा वैदिक बनायचा.

ताम्हन दतिया गेटजवळच्या एका काकूंचं होतं. यजमान रेल्वेत होते, वर्षापूर्वी गेलेले. मुलगा परगावी, नातवंडं फोनवर हिंदीत बोलणारी. वर्षश्राद्धाला त्यांनी यजमानांचं ताम्हनच देऊन टाकलं होतं. त्या तक्रार द्यायला तयार होईनात.

"दिलेलं परत घेतलं तर यांना पोचायचं कसं?"

"काकू, देश, काळ, पात्र पाहून द्यावं, असं शास्त्रच सांगतं. तुम्हाला संशय आला नाही?"

"आला की. संकल्पसुद्धा धड म्हणता येईना मेल्याला."

"मग दिलंत कशाला?"

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "दोन तास बोलला रे माझ्याशी. मराठीत. जाताना म्हणाला, काकू, तुम्ही जेवून घ्या. हे गेल्यापासून या घरात असं कुणी म्हटलं नव्हतं."

आई गेल्यापासून माझ्याही घरात हिंदीच चालायची.

शेवटी मी म्हणालो, "फसवून घेतलेलं ते दान नव्हेच. परत घ्या, पुन्हा नीट द्या." काकूंनी तक्रारीवर सही केली. कोर्टाच्या हुकमाने ताम्हन देवघरात परतलं. पुढच्या श्राद्धाला त्यांनी धान्य आणि कांबळं दिलं ते जिना झाडणाऱ्या म्हातारीला. काकू तापात असताना तीच रोज दोन पोळ्या आणून देत होती. त्या दिवशी जेवायला मला बोलावलं होतं.

नोकरीत लबाड पुष्कळ ओळखले. पण देणाऱ्याने आधी स्वतःची भूक ओळखावी, हे मला काकूंनी शिकवलं. आता त्या नाहीत. पितृपक्ष आला की पाय दतिया गेटकडे वळतात. वाटतं, आतून हाक यावी, "आलास का रे? जेवलास का?"